लेडी बी गुड, १/७२: मॅट कोटने केलेला घात

मंडळी, डोंबिवलीच्या जुलैने माझ्या लिबियावर धुकं पाडलं. लिबिया म्हणजे तिथल्या वाळवंटात पडलेल्या ‘लेडी बी गुड’ या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी बॉम्बरचं माझं मॉडेल. मॅट कोट (चमक घालवणारा शेवटचा पारदर्शक थर) मारून तासाभराने झाकण उघडलं, तर डावा पंख आणि नाकाची उजवी बाजू दुधाळ झालेली. उजवीच बाजू, जिथे विमानाचं नाव आहे. खिडकीबाहेर पाऊस धो धो, भिंतीवरच्या आर्द्रतामापकाचा काटा नव्वदीच्या घरात आणि टेबलावर सहारा!

धड कापण्यापर्यंतचं मागच्या भागात आलं आहेच. नवीन मंडळींसाठी दोन ओळी: बी-२४डी, क्रमांक ४१-२४३०१, ३७६ वा बॉम्ब ग्रुप, नाकावर ६४. ४ एप्रिल १९४३ ला लिबियातल्या सुलुक तळावरून नेपल्सच्या मोहिमेवर निघालं. क्रूची ही पहिलीच लढाऊ मोहीम. परतताना रात्री तळावरून पुढे निघून गेलं आणि थेट वाळवंटात सातशे किलोमीटर आत. मी करतोय ते १९५९ मध्ये शोधपथकाला दिसलेलं विमान: पोटावर घसरलेलं, पंखांच्या मागे मोडलेलं, बाकी जवळजवळ धडधाकट.

आता त्या पांढऱ्याकडे. हे पांढरं दोन जातींचं असतं आणि दोघांचा इलाज वेगळा. एक दमट हवेचं. लॅकरमधलं थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि कोटात अडकते. दुसरं मॅटिंग पावडरचं, म्हणजे कोटातली चमक मारणाऱ्या पुडीचं. थर जाड बसला की कण एकाच जागी गोळा होतात. पाण्याचं बोट फिरवलं की दोन्ही गायब होतात आणि वाळल्यावर दोन्ही परत येतात, त्यामुळे ती चाचणी बिनकामाची. मी शेपटीच्या खालच्या बाजूला आधी ग्लॉसचा (चकचकीत कोटाचा) पातळ हात दिला. पावडरचं पांढरं असतं तर तेवढ्याने उतरलं असतं. थोडं उतरलं, पण गढूळपणा राहिला. म्हणजे वाफच.

वाफेवरचा उतारा रिटार्डरवालं थिनर. ते कोटाला किंचित विरघळवतं आणि सावकाश सुकू देतं, तेवढ्यात अडकलेलं पाणी निघून जातं. या कामात मिस्टर कलरच्या लेव्हलिंग थिनरला तोड नाही, असं माझं ठाम मत. (एका दुकानाने त्याच्या नावाखाली मला साधं थिनर पाठवलं होतं. वासावरूनच कळलं. नाव लिहीत नाही, पण पावसाळ्यात सीलबंद बाटलीच घ्या.) एअरब्रशचं प्रेशर पंधरा पीएसआय, नोझल वीतभर लांब, नुसतं थिनर, धुक्यासारखं. खोलीत एसी ड्राय मोडवर, कॉम्प्रेसरच्या मॉइश्चर ट्रॅपमधलं पाणी दर थोड्या वेळाने सोडायचं. पंखावरचं पांढरं डोळ्यांदेखत विरलं आणि खालचा गुलाबीकडे झुकणारा वाळूरंग परत आला. त्या संध्याकाळी मी स्वतःला वडापाव बक्षीस दिला.

नाकाचं मात्र जमेना. तिथे डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ चित्रं) आहेत, घरी लेझर प्रिंटरवर छापलेले. लॅकर थिनर आणि डिकल यांचं वैर तुम्हाला माहीत आहेच. जुन्या मिगच्या भंगार पंखावर तसाच डिकल लावून धुकं मारून पाहिलं: पहिल्या हाताला काही नाही, दुसऱ्याला कडा उचलली, तिसऱ्याला डिकल दुधावरच्या सायीसारखा आक्रसला. डिकलवर मास्किंग टेप लावून भोवतीचंच पांढरं काढायचं, तर टेपच्या कडेला रेघ उमटते आणि नाव चौकटीत बसवल्यासारखं दिसतं. ॲक्रिलिक ग्लॉसचं कवच देऊन वरून थिनर, हेही केलं. कवचच मऊ पडलं. पांढरं राहू द्यावं, ‘उन्हाने फिकटलं’ म्हणून खपवावं, असाही सल्ला एका मित्राने दिला. उन्हाने फिकटलेला रंग कोरडा आणि खडूसारखा दिसतो, हे पांढरं ओलसर दिसतं. फोटोत तर ते लगेच उघडं पडतं.

हे लिहिता लिहिताच ठरवलं: डिकल टेपने ओरबाडून काढायचे, नाक पुन्हा वाळूरंगात, ६४ साठी विनाइलचा मास्क आणि नाव ट्रिपल झिरो ब्रशने हाताने. मूळ विमानावरही ते कुणीतरी हातानेच रंगवलं होतं. अक्षर थोडं वाकडं गेलं तरी चालेल.

बाकीच्या आघाडीवर बरी बातमी आहे. मोडलेल्या धडाची कड पटली. किटच्या प्लॅस्टिकची जाडी एक मिलिमीटर धरली तर प्रत्यक्षात सात सेंटिमीटरचा पत्रा होतो, रणगाडाच! आतून तासून कागदासारखी पातळ केली आणि फाटलेल्या पट्ट्या गोळ्यांच्या पाकिटाच्या फॉइलच्या लावल्या. विकतच्या शीट-मेटलपेक्षा ती छान चुरगळते. पंखे (प्रोपेलर) तीन फेदर केलेले, म्हणजे बंद इंजिनाची पाती वाऱ्याला धारेने फिरवलेली, चौथ्या इंजिनाचा तसाच, कारण उडी मारताना तेवढं एकच चालू होतं. किटमध्ये पाती ठरलेल्या कोनात येतात, त्यामुळे तीन पंख्यांची प्रत्येक पात बुडाशी कापून, पिन घालून फिरवावी लागली. हासेगावाचं प्लॅस्टिक या छळाला मस्त साथ देतं.

जमिनीसाठी रांगोळी! दगडाची पूड, मैद्याच्या चाळणीतून चाळलेली, त्यात गेरू आणि मुलतानी माती, खाली पातळ फेविकॉल. १/७२ ला बाजारातली ‘डेझर्ट सँड’ गोट्यांएवढी दिसते. वाळूच्या टेकड्या करू नका, असं मागे काहींना सुचवलं होतं ते पुन्हा सांगतो. विमान पडलं ती जागा सपाट, खडीची, टणक आहे. म्हणून तर पायलटशिवाय उतरूनही ते इतकं शाबूत राहिलं.

आणि इथेच माझा मूळ बेत मोडला. बाजूला १९५९ च्या पथकाची गाडी आणि तीन-चार माणसं ठेवणार होतो. गाडी अर्धी जोडूनही झाली. मग सहज अंतरांचा हिशेब मांडला. नऊ जणांनी ५ एप्रिलच्या पहाटे उड्या मारल्या ती जागा विमानापासून सुमारे २६ किलोमीटर उत्तरेला. १/७२ ला ते ३६० मीटर, म्हणजे माझ्या टेबलापासून नाक्यापलीकडे. तिथून वायव्येला चालत पाच जण जिथे थांबले, हॅटन, टोनर, हेज, लामॉट आणि ॲडम्स, ती जागा विमानापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. १/७२ ला पावणेदोन किलोमीटर. को-पायलट टोनरच्या डायरीप्रमाणे अर्धी बाटली पाणी, रोज माणशी एक झाकण. १२ एप्रिलपर्यंत नोंदी आहेत. इकडे विमानात पाणी होतं, खाणं होतं, आणि पुढे पथकाला चालू स्थितीत सापडलेला रेडिओ होता. आपण समुद्राजवळ आहोत असं समजून ते विमानाकडे पाठ करून निघाले.

चूक सुरू झाली ती रेडिओच्या दिशेवरून. बेनिनाच्या तळाने लूप अँटेनावर विमानाच्या दिशेची रेघ बरोबर दिली, पण विमान त्या रेघेवर पुढे आहे की मागे, हे त्या अँटेनाला कळत नाही. मॉडेलच्या पाठीवर रग्बीच्या चेंडूसारखी एक बारीक फुगवटी आहे ना, विमानाचा स्वतःचा दिशाशोधक त्याच्या आत. मी ती सँडिंग करताना कितीदा खाली पाडली असेल!

तर गाडी रद्द, माणसं रद्द. नुसतं विमान, आणि बेसच्या कडेला एक अरुंद पट्टी, १:१०,००,००० ची. त्यात २६ किलोमीटर म्हणजे २.६ सेंटिमीटर, पाच जणांची जागा साडेबारावर. बाकी चौघांपैकी शेली आणखी पुढे, रिप्सलिंगर त्याच्याही पुढे. वोराव्हकाची हवाई छत्री नीट उघडली नाही, तो ऑगस्ट १९६० मध्ये सापडला, त्याची पिन इतरांपासून वेगळी. मूर अधिकृतपणे सापडलेलाच नाही. त्याला पिन नाही, फक्त नाव.

विमानाचे सुटे भाग नेलेल्या विमानांवर संकटं आली, वगैरे कथा कमेंटमध्ये पुन्हा येतील. मला त्यात रस नाही. त्यापेक्षा मिशिगनमधल्या लेक लिंडनला, लामॉटच्या गावी ठेवलेला खरा पंखा पाहा. वाकलेल्या पात्यांचा स्वच्छ फोटो कुणाकडे असेल तर हवा आहे, माझ्या चौथ्या इंजिनाला त्याची गरज आहे.

अजून एक. ठाणे-मुंबईत पितळी पट्टीवर फोटोएचिंगचं (रसायनाने अक्षरं कोरण्याचं) छोटं काम कुणी घेतं का? नऊ नावं, देवनागरीत, अक्षर तीन मिलिमीटर. लेझरवाल्याने नमुना करून दिला, पण शिरोरेषा जळून अक्षरं सुटी झाली. एचिंगला फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये द्यायची, तेही सांगा.