क्विल्टच्या प्रदर्शनात फोटो कमी, वाचन जास्त

ह्यूस्टनच्या जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास इंटरनॅशनल क्विल्ट फेस्टिव्हल भरतो. क्विल्ट म्हणजे आपल्या गोधडीसारखं, कापडाचे थर एकत्र शिवून केलेलं पांघरूण. कॅरी ब्रेसेनहान यांनी १९७०च्या दशकात सुरू केलेलं हे प्रदर्शन आज या क्षेत्रातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या प्रदर्शनांपैकी एक आहे. एका बाजूला पडद्यांवर रांगेने टांगलेल्या शेकडो क्विल्ट, दुसऱ्या बाजूला कापड, दोरे, पट्ट्या, मशीन विकणारे स्टॉल. इथून बहुतेक जण फोनमध्ये चारशे फोटो घेऊन बाहेर पडतात आणि त्यातला एकही पुढे शिवणापर्यंत पोचत नाही. माझं ठाम मत आहे की अशा ठिकाणी सहा क्विल्ट नीट वाचाव्यात, बाकीच्या डोळे भरून बघाव्यात आणि सोडून द्याव्यात.

पहिली फेरी फोन पर्समध्ये ठेवून, भरभर, अर्ध्या-पाऊण तासात. पाय जिथे आपोआप थांबले ते रांगेचे क्रमांक फक्त लिहून ठेवा. दुसऱ्या फेरीत त्यातल्या सहांसमोरच उभं राहायचं. आधी दहा-बारा फुटांवरून: इथे फक्त फिकट-गडद दिसतं, कापडाचा छाप दिसत नाही. डोळे किलकिले करा किंवा फोनचा कॅमेरा कृष्णधवलवर टाका. रंग गेल्यावरही नक्षी उठून दिसली, तर ती रंगांवर नाही, फिकट-गडदावर उभी आहे. घरी केलेली क्विल्ट ‘छान रंग घेऊनही मळकट’ दिसते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं: सगळे रंग मध्यम. मग तीन फुटांवर या आणि शेवटी वीतभर अंतरावरून टाके बघा.

तीन फुटांवर ब्लॉकचा, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या आणि क्विल्टभर पुन्हा पुन्हा येणाऱ्या चौकोनाचा, पाया शोधायचा. एका ब्लॉकच्या एका कडेवर सारख्या मापाची किती घरं बसतात ते मोजा. तीन असतील तर नाइन पॅच घराण्यातला, दोन किंवा चार असतील तर फोर पॅच, पाच आणि सात वेगळे. बेअर्स पॉ हा सातांचा, म्हणून तो १२ इंचांत शिवायला गेलं की माप अडनिडं येतं. १४ इंच घेतलं तर प्रत्येक घर सरळ २ इंचांचं. एवढं कळलं की वहीत चौकटी आखून पाच मिनिटांत ब्लॉक उतरवता येतो.

त्यानंतर ब्लॉक सरळ बसवलेत की कोपऱ्यावर उभे केलेत ते बघा. कोपऱ्यावर उभा केलेला साधा ब्लॉकही एकदम चालता-बोलता होतो आणि शिकाऊ हात नेमके तिथेच फसतात. १२ इंची ब्लॉक असा फिरवला की त्याची रुंदी १.४१४ पट, म्हणजे जवळजवळ १७ इंच होते. कडेला जे त्रिकोण भरावे लागतात, त्यांच्यासाठी शिवणीची माया धरून सव्वाअठरा इंचांचा चौकोन कापून दोन्ही कर्णांवर चार तुकडे करायचे. चार कोपऱ्यांच्या त्रिकोणांसाठी मात्र नऊ इंच तीन सुतांचे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) दोन चौकोन, प्रत्येकाचे दोनच तुकडे. एकाला चार आणि दुसऱ्याला दोन का? कारण क्विल्टच्या बाहेरच्या कडेला कापडाचा सरळ धागा यायला हवा. उलटं कापलं तर कडेला उरेब येतो, तो शिवताना ताणला जातो आणि अख्खी क्विल्ट पापडासारखी लाटा काढते. प्रदर्शनातल्या क्विल्टची खालची कड म्हणूनच आवर्जून बघावी. उत्तम क्विल्ट जमिनीला समांतर, रेघ ओढल्यासारखी लटकते.

लाटा येण्याची आणखी दोन कारणं असतात. बॉर्डरची पट्टी न मोजता तशीच लावत जाऊन उरलेली कापून टाकणं हे एक. पट्टीची लांबी क्विल्टच्या मधोमध मोजून घ्यायची, कडेला नाही, कारण कडा हाताळून ताणलेल्या असतात. दुसरं, मध्यभागी अगदी दाट क्विल्टिंग (थर एकत्र धरणारे टाके) आणि कडेला विरळ. दाट टाके कापड आत ओढतात, विरळ भाग फुगून राहतो. बक्षीसपात्र कामात टाक्यांची दाटी सगळीकडे सारखी ठेवलेली दिसेल.

क्विल्टला हात लावायचा नाही. बोटांचं तेल आणि घाम सुती कापडावर कालांतराने पिवळे डाग सोडतात. पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक फिरत असतात, त्यांना सांगितलं की ते कड उचलून मागची बाजू दाखवतात. हे जरूर मागा. पाठीवर गाठी, दोऱ्याचा ताण, लाँगआर्म मशीनने (क्विल्टिंगच्या लांब हाताच्या मोठ्या मशीनने) कुठे सुरू करून कुठे संपवलं, सगळं उघडं असतं. हाताच्या बारीक कामात इंचाला वरून दहा-बारा टाके मोजता येतील.

आपल्याकडच्या गोधडीत टाका लांब असतो, कारण सुई जुन्या लुगड्यांच्या अनेक थरांतून काढायची असते. तिथे इंचाला दहाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. गोधडीचा जीव त्या जवळजवळ धावणाऱ्या ओळींमध्ये आणि त्यांनी पडणाऱ्या चुण्यांमध्ये आहे. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची कवंदी तर कडेने सुरू होऊन ठिगळं लावत लावत मध्याकडे जाते; वरचा थर आधी वेगळा जोडलेलाच नसतो. ह्यूस्टनच्याच म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये २००२ साली अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकांच्या क्विल्ट मांडल्या होत्या. विटलेली डेनिम, शेतावरचे जुने कपडे, डोळ्यांच्या अंदाजाने कापलेल्या पट्ट्या. ज्याच्या घरात गोधडी आहे त्याला त्या क्विल्ट समजावून सांगाव्या लागत नाहीत. म्हणून मराठी माणसाने प्रदर्शनात आधुनिक, मोकळ्या अंदाजाने केलेल्या क्विल्टचा विभाग चुकवू नये.

फोटो काढताना आधी माहितीच्या पाटीचा, मग क्विल्टचा. फोन क्विल्टच्या मध्याच्या उंचीवर धरा. खालून काढलेल्या फोटोत चौकोन वर निमुळता होतो आणि घरी घरं मोजताना चुकतं. काही पाट्यांवर फोटोला मनाई असते, ती पाळा. पारंपरिक ब्लॉक सर्वांचे आहेत, पण एखाद्याची स्वतःची रचना जशीच्या तशी उचलू नये, आणि फोटो कुठे टाकलाच तर शिवणाऱ्याचं नाव द्यावं.

खरेदी शेवटी. हॉलमधल्या दिव्यांत क्रीम आणि पिवळट पांढरा सारखेच दिसतात, म्हणून घरच्या कापडाचे दोन इंची नमुने कार्डावर चिकटवून सोबत न्या. फॅट क्वार्टर म्हणजे १८ बाय साधारण २१-२२ इंच. छापांचे असे तुकडे भरपूर घेतले जातात आणि पार्श्वभूमीचं साधं कापड राहून जातं. ६० इंची चौरस क्विल्टच्या बाइंडिंगला, म्हणजे कडा झाकणाऱ्या गोटाला, अडीच इंची सात पट्ट्या, म्हणजे अर्धा यार्ड लागतो. सहा पट्ट्या कागदावर पुरतात, पण तिरक्या जोडात कापड जातं. सोबत अजरख किंवा नीळ वापरणार असाल तर आधी ओला पांढरा रुमाल घासून रंग सुटतो का ते बघा. क्रीमशेजारी लाल उतरला की तो निघत नाही.

घरी आल्यावर आठवडाभरात एकच नमुना करा, १६ इंची. आवडलेली एकच गोष्ट त्यात घ्या: सातांचा पाया, किंवा गोधडीच्या ओळी, किंवा फक्त ती बॉर्डर. अस्तर आणि बॅटिंग (मधला मऊ थर) चारही बाजूंनी दोन इंच जास्त, पिना चार बोटांच्या अंतरावर, पीसिंगला (तुकडे जोडताना) पाव इंच माया. नमुना धुण्याआधी आणि धुतल्यावर मोजा. सुती बॅटिंग साधारण ३ ते ५ टक्के आटतं, आणि किती आटलं यावरून मोठ्या क्विल्टचं कापड किती जास्त घ्यायचं ते ठरतं.