मे महिन्यातलं मलेशिया, चौघांच्या कॉन्ट्रीत: क्वालालंपूर, पिनांग आणि परहेन्तियान बेटं

उन्हाळी सुट्टीत मित्रमंडळींबरोबर स्वस्तात परदेश म्हटलं की गाडी थायलंडवर येऊन थांबते. आमचीही तिथेच थांबली होती. मग आमच्यातल्या एकाने पावसाचं वेळापत्रक पुढ्यात टाकलं आणि बेत बदलला. फुकेत, क्राबी ही अंदमान समुद्राकडची बाजू. मे उजाडला की तिथे आपल्यासारखाच नैऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो, तो ऑक्टोबरपर्यंत. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्याचं गणित उलटं आहे. तिथे पाऊस ईशान्येकडून येतो, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या काळात परहेन्तियानसारख्या बेटांवरची बहुतेक हॉटेलं कुलूप लावतात आणि बोटींचा भरवसा नसतो. मार्च ते ऑक्टोबर समुद्र शांत. म्हणजे मे महिन्याला हा किनारा चपखल बसतो आणि दिवाळीला सहसा नाहीच. नोव्हेंबर सरता सरता किंवा नाताळात जाणार असाल तर पश्चिमेकडचं लंकावी बघा. पुढे लिहिलंय ते उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी.

आधी कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर 2026 च्या डिसेंबरअखेरपर्यंत 30 दिवस विनाव्हिसा राहता येतं. त्यानंतर जाणाऱ्यांनी नियम पुन्हा तपासावा. मात्र पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर ती सरकारी नव्हे, बंद करा. परतीचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचं बुकिंग छापून हाताशी ठेवा.

पैशांचं म्हणाल तर रिंगिट वीस रुपयांच्या वरच धरून चाला, निघताना ताजा भाव बघा. हिशेब वाटून देणारी ॲप्स सगळ्यांच्या फोनमध्ये असतात, पण आम्ही जुन्या पद्धतीने गेलो: प्रत्येकाने सारखी रक्कम काढून एका पाकिटात टाकायची आणि पाकीट एकीच्या ताब्यात. जेवण, टॅक्सी, खोली, बोट सगळं त्यातून. पाकीट हलकं झालं की पुन्हा कॉन्ट्री. रात्री अकरा वाजता 'पाण्याची बाटली कुणी घेतली होती' असल्या चौकश्या बसत नाहीत. बिअर मात्र पाकिटाबाहेर ठेवा. मलेशियात दारूवर कर जबरदस्त आहे, आणि न पिणाऱ्याने पिणाऱ्याचा कर का भरावा? चौघं असणं हेही स्वस्तात पडतं. विमानतळावरून शहरात नेणारी वेगवान ट्रेन माणशी 55 रिंगिट घेते, म्हणजे चौघांचे 220. त्याच्या निम्म्याहून कमीत ग्रॅब या ॲपवरची टॅक्सी चौघांना बॅगांसकट दारात सोडते. एकटा असाल तर बस घ्या, ती सगळ्यात स्वस्त. पाचवा मित्र आला की दोन टॅक्सी किंवा मोठी गाडी लागते, तेव्हा त्याला प्रेमाने समजवा किंवा सहावा शोधा.

क्वालालंपूरमध्ये आम्ही पासार सेनी स्टेशनच्या आसपास उतरलो. एलआरटी आणि एमआरटी या दोन्ही मेट्रो तिथे मिळतात आणि चायनाटाऊन पायाखाली. खोलीच्या भाड्यावर परदेशी पाहुण्यांना दर खोलीला दर रात्री 10 रिंगिट पर्यटन कर पडतो. तो बहुतेकदा काउंटरवर रोख मागतात. स्वस्तातल्या चार खोल्यांऐवजी चौघांची एक खोली घेतली तर करही एकदाच. पेट्रोनास टॉवर्सवर चढायचं तिकीट आम्ही सोडून दिलं. 452 मीटरची ती जोडगोळी बघायला खालची बाग पुरते, रात्री कारंजीही असतात, आणि वर गेल्यावर नेमके तेच टॉवर दिसत नाहीत.

बातू केव्हजला मात्र जाच. केएल सेंट्रल या मुख्य स्टेशनहून लोकल थेट पायथ्याशी नेते, भाडं किरकोळ. गाड्या फार नाहीत, म्हणून परतीची वेळ बघून ठेवा. 272 रंगीत पायऱ्या आणि त्यांच्यापुढे 42.7 मीटर उंचीचा सोनेरी मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकेय. कार्तिकेयाचं दर्शन बायकांनी घेऊ नये अशी समजूत आपल्याकडे अजून ऐकू येते. इथे नऊवारीला लाजवतील अशा झगझगीत साड्यांतल्या तमिळ आज्या डोक्यावर दुधाचे कलश घेऊन आमच्या पुढून भराभर चढून गेल्या, आणि आमच्यातल्या दोघी त्यांच्यामागे धापा टाकत. गुडघे झाकणारे कपडे हवेत, नाहीतर खाली भाड्याने कापड घ्यावं लागतं. माकडं अट्टल आहेत, हातात पिशवी नको. सकाळी आठच्या आत गेलात तर ऊनही नाही आणि टूरच्या बसही नाहीत.

खाण्याचा खर्च आटोक्यात ठेवायचा तर मामक दुकानं ओळखून ठेवा. तमिळ मुस्लिमांची ही हॉटेलं, बरीचशी रात्रभर उघडी. रोटी चनाई करणारा माणूस पिठाचा गोळा तेलकट ओट्यावर आपटतो, हवेत फिरवून त्याचा रुमाल करतो, चार घड्या घालून तव्यावर टाकतो आणि उतरवल्यावर दोन्ही हातांनी टाळी वाजवल्यासारखा चुरगाळतो, म्हणजे पदर सुटतात. बरोबर वरण किंवा कालवण. साधी रोटी दोनेक रिंगिटमध्ये येते, दोन खाल्ल्या की नाश्ता झाला. चहा मागताना 'कुरांग मानिस', म्हणजे कमी गोड, म्हणा, नाहीतर कंडेन्स्ड मिल्कचा पाक मिळेल.

शाकाहारी मंडळींनी जरा सावध. 'नो मीट' म्हटलं की ताटातले तुकडे जातात, पण झिंग्यांची वाटलेली बेलाचान आणि इकान बिलिस हे सुके बारीक मासे चटणीत तसेच राहतात. ती दोन्ही नावं घेऊन नको म्हणा. आमच्यातला मालवणचा गडी सुकटीच्या वासाने खुलायचा आणि पुण्याची मैत्रीण कोमेजायची. तिची सोय शेवटी केळीच्या पानावर भात वाढणाऱ्या दाक्षिणात्य खानावळींत आणि बौद्ध चिनी शाकाहारी दुकानांत झाली. या चिनी दुकानांत पुष्कळदा कांदा-लसूणही नसतो, तेव्हा जैन मित्र असेल तर ती आधी शोधा.

पिनांग बेटावर जायला समोरच्या किनाऱ्यावरच्या बटरवर्थपर्यंत ईटीएस ही वेगवान ट्रेन आहे, चारेक तासांची. शनिवार-रविवारची तिकिटं लवकर संपतात, केटीएम या रेल्वे कंपनीच्या ॲपवर आधी काढा. न मिळाल्यास टीबीएस नावाच्या बस टर्मिनलवरून बस आहेच, तीही चांगली. बटरवर्थ स्टेशनातून चालत फेरीच्या धक्क्यावर जाता येतं आणि चहाच्या पैशांत समुद्र ओलांडून जॉर्जटाऊन, पिनांगचं मुख्य शहर. पुलावरून टॅक्सीने जाऊ नका. फेरीच्या डेकवरून शहर हळूहळू जवळ येताना बघणं हा या प्रवासातला सगळ्यात स्वस्त आनंद होता.

जॉर्जटाऊन 2008 मध्ये मलाक्कासोबत जागतिक वारसा यादीत आलं. चिनी कुळांची देवळं, मशिदी, तमिळ सराफ आणि इंग्रज चर्च हाकेच्या अंतरावर. अर्नेस्ट झाखारेविच याने 2012 साली रंगवलेली, खऱ्या सायकलवर बसलेली चित्रातली मुलं आर्मेनियन स्ट्रीटवर आहेत, आणि त्यांच्यापुढे फोटोची रांग. आम्ही एक फोटो काढला आणि निसटलो. खरी गंमत जुन्या दुकानघरांच्या पडव्यांत आहे. ऊन असो वा सर, त्यांच्या सावलीतून चालत राहायचं. च्यू जेटीवर पाण्यात रोवलेल्या खांबांवरच्या घरांत आजही लोक राहतात. तिथे दारांत डोकावून फोटो काढणारे बघून आपल्यालाच ओशाळं होतं.

संध्याकाळी गाड्यांवर खा: चार क्वे टियाओ या परतलेल्या तांदळाच्या नूडल्स, ओ चिएन हे कालवांचं ऑम्लेट, आणि पिनांग रोडजवळच्या गल्लीत चेंडोल. नारळाचं दूध, ताडगुळाचा पाक, बर्फ आणि पांदान या सुगंधी पानाच्या हिरव्या शेवया, फालुद्याचा हा कोकणी चुलतभाऊच. गाड्यांच्या आवारात टेबल धरलं की निदान एक पेय मागवायचं असा रिवाज असतो, तेव्हा पाण्याची बाटली काढून चौघांनी ऐसपैस बसू नये. पिनांग हिलची फ्युनिक्युलर, म्हणजे डोंगर चढणारी रेल्वे, परदेशी लोकांना महाग पडते आणि वर ढग असतील तर काहीच दिसत नाही. सकाळी आकाश बघून ठरवा.

जॉर्जटाऊनमधून भल्या पहाटे परहेन्तियानला मिनिव्हॅन निघतात. बहुतेक गेस्टहाउस व्हॅन आणि बोटीचं एकत्र तिकीट देतात. व्हॅन गेरिक-जेलीच्या घाटरस्त्याने द्वीपकल्प आडवं ओलांडते, सहाएक तास. दोन्ही बाजूंना घनदाट जंगल आणि मधूनमधून 'हत्तींपासून सावध' असे फलक. वळणं पुष्कळ आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घ्या आणि पुढची सीट मागून घ्या.

कुआला बसुत हे बोटींचं गाव. इथे, खरं तर इथे पोचायच्या आधीच, रोख काढून ठेवा. बेटांवर एटीएम नाही आणि कार्ड घेणारे बेटावर कमी. बोटीच्या भाड्याशिवाय सागरी उद्यानाचं शुल्क वेगळं द्यावं लागतं. स्पीडबोट अर्ध्या-पाऊण तासात पोचवते, पण लाटांवर अशी आपटते की मणके मोजून घ्यावेत. पाठीचं दुखणं असेल तर मागच्या बाकावर बसा. पुढची जागा हवेशीर दिसते, तिथेच सगळ्यात जास्त हाणते. सामान मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. शेवटची बोट दुपार उलटताच जाते. ही बेटं ज्यात येतात त्या तरंगानू राज्यात सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते, त्यामुळे बेटावर गर्दी गुरुवारी संध्याकाळी चढते. रविवारी पोचलात तर खोलीच्या भावात घासाघीसही करता येते.

बेटं दोन, धाकटं केचिल आणि थोरलं बसार. मोटारीचे रस्ते नाहीत, एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर जायचं तर पायवाट किंवा वॉटर टॅक्सी. केचिलचा लाँग बीच तरण्या पोरांचा: स्वस्त खोल्या, रात्री आगीचे खेळ, उशिरापर्यंत गाणी. कोरल बे दहा-पंधरा मिनिटांच्या पायवाटेवर, सूर्यास्त तिकडे. बसार शांत आणि थोडं महाग. झोप प्यारी असणाऱ्यांनी लाँग बीचच्या मधोमध खोली घेऊ नये, टोकाला घ्यावी. एसीची चैन करण्यापेक्षा वाऱ्याच्या बाजूची पंख्याची खोली आणि चांगली मच्छरदाणी बघा. काही स्वस्त खोल्यांत जनरेटरची वीज ठराविक वेळच असते, म्हणून दिवे कधी जातात ते विचारून घ्या. प्लग इंग्लंडसारखा चौकोनी तीन पिनांचा लागतो.

स्नॉर्कलिंगची बोट कुठल्याही झोपडीवर ठरवता येते. कासवं, शार्क, प्रवाळ आणि मधे कोळी गावात जेवण, असा ठरलेला फेरा. चौघांनी मिळून दुसऱ्या दोघा-तिघांना जोडून घेतलं की भाव उतरतो. पण माझं मत विचाराल तर एक फेरा बोटीने करा आणि पुढचा दिवस स्वतःच्या पायांनी. बोटवाल्यांनी एकाच कासवाभोवती पंचवीस माणसं उतरवली की कासवाचीही दया येते. बसारवर तेलुक पाउहच्या किनाऱ्यालगत समुद्री गवत आहे. सकाळी लवकर तिथे गळाभर पाण्यात नुसतं तरंगत राहिलो. हिरवं कासव खाली गाईसारखं गवत तोडत होतं, पाठीला एक मासा चिकटलेला. मधेच ते संथपणे वर आलं, डोकं बाहेर काढून एक श्वास घेतला आणि पुन्हा चरायला खाली. अंतर ठेवा, हात लावू नका, त्याची वर यायची वाट अडवू नका.

काळ्या टोकाचे रीफ शार्क भित्रे असतात, आपल्यालाच बघून पळतात. भ्यायचं असेल तर टायटन ट्रिगरफिशला भ्या. अंडी घातली की हा जाडजूड दातांचा मासा घरट्याच्या वरच्या सगळ्या पाण्यावर हक्क सांगतो आणि चावायला धावतो. अशा वेळी वर नाही, आडवं पोहत दूर जायचं. प्रवाळावर उभं राहू नका, पायही कापतो आणि प्रवाळही मरतो. पाठीला सनस्क्रीन फासण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहायचा शर्ट घाला. आमच्यातल्या ज्याने तो घातला नाही, तो पुढचे दोन दिवस पालथा झोपला. पोहता न येणाऱ्यांनी लाइफ जॅकेट घालून बिनधास्त उतरावं. आमच्यातली एक तशीच उतरली आणि सगळ्यात जास्त कासवं तिलाच दिसली.

परतीला कुआला बसुतहून किंवा जवळच्या जेर्तेहमधून क्वालालंपूरची रात्रीची बस घ्या. एका रात्रीचं खोलीभाडं वाचतं. एसी इतका थंड असतो की चादर हवीच, ओलं अंग तर नकोच. बस टीबीएसला सोडते, आणि विमान त्याच दिवशी असेल तर शहरात जायची गरज नाही. टर्मिनलला जोडलेल्या बंदार तासिक सलातान स्टेशनातून केएलआयए ट्रान्झिट ही ट्रेन थेट विमानतळावर जाते. निघायच्या आदल्या दिवशी समुद्रात उतरू नका, किंवा उतरलात तर दुपारच्या आत उतरून कपडे उन्हात टाका. स्वस्त विमान कंपन्यांची केबिन बॅगेची मर्यादा बहुधा 7 किलो असते, आणि चौघांचे ओले टॉवेल काट्यावर भरपूर बोलतात.