शिवाजी पार्क ते नरिमन पॉइंट: सायकलची भीती वाटणाऱ्यांसाठी रविवारची एक फेरी

माझ्या ताईचं शाळा-कॉलेज साताऱ्यात सायकलवरच झालं, पण लग्न होऊन दादरला आल्यापासून तिनं सायकलला हात लावला नव्हता. मागून येणाऱ्या गाड्यांची धास्ती, दुसरं काही नाही. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी आम्ही दोघी शिवाजी पार्कहून नरिमन पॉइंटला जाऊन आलो. एका बाजूचं अंतर साधारण 14 किलोमीटर. जायची इच्छा आहे पण धीर होत नाही, अशांसाठी सविस्तर लिहितेय.

आधी पार्कामागच्या शांत गल्ल्यांमध्ये दोन गोष्टींचा सराव केला. सायकल न हलू देता उजव्या खांद्यावरून मागे बघणं आणि एक हात सोडून वळायची खूण करणं. हे जमल्याशिवाय मोठ्या रस्त्यावर येऊच नये, असं माझं ठाम मत आहे. सीट थोडी खाली घ्या, थांबल्यावर पायाचे चवडे टेकले पाहिजेत. जानेवारीत मुंबईत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे सहाला निघायचं तर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच.

सावरकर मार्गाला लागलो आणि ताई अगदी कडेला गेली. सगळेच नवखे असं करतात, कारण तिथे सुरक्षित वाटतं. पण मुंबईच्या रस्त्याची कड हीच सगळ्यात वाईट जागा आहे. काँक्रीट संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात तिथे रस्त्याच्याच दिशेनं एक फट असते. चाक त्यात गेलं की हँडल वळत नाही आणि माणूस आडवा होतो. शिवाय गटारांच्या जाळ्या, वाळू, उभ्या गाड्या. म्हणून कडेपासून साधारण एक मीटर आत, सरळ रेषेत चालवा. कडेला चिकटलात की मागच्याला वाटतं, याच लेनमधून घासून जाता येईल. मीटरभर आत असलात की तो तुम्हाला नीट बघतो आणि बाजूनं वळसा घालून जातो.

"अगं, मागून बस येतेय, बाजूला होऊ का?" ताईचा आवाज चढला होता आणि हँडलवरची बोटं पांढरी पडली होती. मी मागून ओरडले, "नको, आहेस तशीच चल!" बस उजवीकडून निघून गेली. वरळीपर्यंत तिची पकड सैल झाली होती.

सिद्धिविनायकापाशी मात्र जपून. टॅक्सी अचानक थांबते आणि डावीकडचं दार उघडतं. आमच्या पुढे एक पाववाला चालला होता, मागे भलामोठा बोजा. उभ्या टॅक्सीच्या बरंच आधी त्यानं मान वळवून पाहिलं, मग दार पूर्ण उघडलं तरी लागणार नाही इतकं अंतर ठेवून तो पुढे गेला. टॅक्सी ओलांडल्यावरही दोन गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत शिरला नाही, रेषा सोडलीच नाही. पाववाले, पेपरवाले, डबेवाले या शहरात रोज सायकल चालवतात. त्यांच्याकडे जरूर बघा.

सिग्नलला बस किंवा ट्रकच्या डाव्या अंगाला कधीही उभं राहू नका. ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही आणि तो डावीकडे वळला तर सुटायला जागा नसते. त्याच्या मागे थांबा. थांबण्याआधीच हलका गिअर टाकून ठेवा, म्हणजे निघताना तोल जात नाही.

पहिल्यांदा जात असाल तर वरळी सी फेसपर्यंत जाऊन परत या. तेवढंही पुष्कळ झालं. सी लिंक आणि कोस्टल रोडवर सायकलला बंदी आहे, त्यामुळे वरळी आणि हाजी अलीला पाट्या बघूनच लेन धरा. हाजी अलीनंतर पेडर रोडचा चढ येतो. मॅरेथॉनवालेही त्याला वचकून असतात. उतरून सायकल ढकलत नेली तरी काही बिघडत नाही, आम्ही तेच केलं. केम्प्स कॉर्नरहून बाबुलनाथकडे उतार आहे. दोन्ही ब्रेक मिळून, हळूहळू दाबा. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबू नका.

मरीन ड्राइव्हला जाताना आपण इमारतींच्या बाजूनं असतो. चर्चगेटकडच्या रस्त्यांवर डावीकडे वळणाऱ्या गाड्या तुमच्या पुढ्यात येऊ शकतात, तेव्हा प्रत्येक नाक्यावर वेग कमी करा. परतताना समुद्र डाव्या हाताला असतो आणि त्या बाजूला गल्ल्याच नाहीत. ताईला सगळ्यात मोकळं वाटलं ते तिथेच. फक्त कोस्टल रोडच्या बोगद्याकडे जाणारी लेन टाळून चौपाटीकडची धरा. कट्ट्यावर सायकल चढवू नका, तिथे लहान मुलं आणि म्हातारी माणसं चालत असतात.

साडेआठच्या आत परतीला लागा, नंतर गाड्या वाढतात. पाण्याची बाटली, पंक्चरचं सामान आणि ओळखपत्र जवळ ठेवा. हेडफोन घरीच राहू द्या, कारण मागची गाडी आधी कानाला कळते. पावसाळ्यात मात्र हा बेत करू नका. साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे की उघडं मॅनहोल, हे वरून दिसत नाही.