सावजीचा हिशेब वेगळा: कूलरमधल्या तीन पिल्लांची नोंद

रानटी मांजरींची पिल्लं कायमचं घर मिळेपर्यंत मी सांभाळतो आणि माणसाळवतो, याला फॉस्टर म्हणतात. या उन्हाळ्याची बॅच तीन जणांची. तर्री (केशरी बोका), बर्फी (पांढरी, शेपटी राखी) आणि सावजी (पूर्ण काळी, नावासारखीच तिखट). जन्म प्रतापनगरातल्या एका गच्चीवर, हिवाळाभर झाकून ठेवलेल्या कूलरच्या पोटात. नागपुरात मार्च तापायला लागला की लोक गवत बदलायला कूलरच्या जाळ्या उघडतात आणि दरवर्षी कुठून तरी हा फोन येतोच: "दादा, मांजरीनं कूलरमधी पिल्लं देऊन ठेवले, घेऊन जा ना."

मार्चअखेर

दातांवरून वय काढलं. मागच्या दाढा नुकत्या डोकावत होत्या आणि डोळ्यांचा निळा रंग उतरायला लागला होता, म्हणजे साधारण सहा आठवडे. तर्री आणि बर्फी सहाशे ग्रॅमच्या आसपास, सावजी पाचशेच्या थोडी वर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबा ठेवून रोज एकाच वेळी वजन करतो. या वयात दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढ दिसायला हवी. काटा अडला की पिल्लू आजारी पडण्याआधीच कळतं.

सहा आठवडे हे वय काठावरचं आहे. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी 1980च्या दशकात जे काम केलं त्यातून दुसरा ते सातवा आठवडा हा माणसाची सवय लागायचा मुख्य काळ ठरला. त्यानंतर दार बंद होतं असं नाही, पण कष्ट वाढतात. तिथंच हेही दिसलं की रोज पंधरा मिनिटं हाताळलेल्या पिल्लांपेक्षा चाळीस मिनिटं हाताळलेली पिल्लं माणसाकडे लवकर येतात आणि जास्त वेळ थांबतात. म्हणून फॉस्टर घेताना मी आधी माझ्याकडे रोजचा वेळ आहे का ते बघतो, रिकामी खोली नंतर.

आईला घरात आणलं नाही. पूर्ण वाढलेली रानटी मांजर कोंडली की तिचे हाल होतात आणि तिच्या प्रत्येक फिसकारण्यातून पिल्लं माणसाला घाबरायला शिकतात. दूध आटल्यावर तिला सापळ्यात घेतलं, नसबंदी झाली, त्याची खूण म्हणून कानाचं टोक कापलं आणि ती परत आपल्या गच्चीवर.

पिल्लांना मागच्या खोलीत कुत्र्याचा मोठा पिंजरा. आत दार काढलेला कॅरिअर, वर जुनी चादर, लिटर ट्रेमध्ये फाडलेले वर्तमानपत्र. ओली झाली की गोळा होणारी लिटरची माती या वयात नको, पिल्लं ती खाऊन बघतात. सबंध खोली मोकळी देणाऱ्यांना माझा विरोध आहे. पलंगाखाली शिरलेलं पिल्लू झाडूने काढावं लागतं आणि त्या एका प्रसंगात आठवड्याची कमाई जाते. लपायला जागा हवीच, पण ती आपला हात पोचेल अशी.

घरकामाच्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगितलं की या खोलीत फिनाइल नाही. फिनॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही, आणि पिल्लू फरशीवर चालतं आणि मग पाय चाटतं. मावशी म्हणाल्या, "मंग वास कसा जाईन?" जातो. एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं राहू द्यायचं, मग साध्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवायचं, तोवर पिल्लं बाहेर. पॅनल्यूकचा (पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा) विषाणू महिनोन्‌महिने घरात टिकतो आणि त्याच्यावर हा उपाय चालतो. बॅच बदलताना मी हे टाळत नाही.

रामनवमीच्या आसपास

सुरुवातीला काहीच करायचं नाही. जेवण ठेवायचं, लिटर काढायचं, खाली बसायचं, मोबाइल बघायचा. आई दुपारी पोथी मोठ्याने वाचते, तिला म्हटलं, याच खोलीत वाच. एकसुरी, न थांबणारा माणसाचा आवाज, तोही त्यांच्याकडे न बघता येणारा. यापेक्षा चांगली सोय कोणत्या शेल्टरमध्ये असेल? तिसऱ्या अध्यायापर्यंत तर्री चादरीबाहेर येऊन बसायला लागला.

मग खाणं. अमेरिकन फॉस्टर लोक लहान बाळांना भरवायच्या वाटलेल्या मांसाच्या बाटल्या सांगतात, आपल्याकडे त्या सहज मिळत नाहीत. मी बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं उकडलेलं चिकन त्याच्याच पाण्यात मिक्सरला फिरवतो. लांब दांड्याच्या चमच्यावर ते. हे चिकन फक्त माझ्या हातून मिळतं, वाटीत कधीच नाही. वाटीतलं रोजचं खाणं वेगळं, दिवसातून चार वेळा, आणि अर्ध्या-पाऊण तासाने उचलायचं, कारण एप्रिलच्या उन्हात ओलं खाणं लगेच आंबतं. उपाशी ठेवून माणसाळवण्याच्या भानगडीत पडू नका. एवढ्या लहान जिवाची साखर फार लवकर उतरते.

तर्रीने चमचा लगेच चाटला. त्याच्या मागून बर्फी. बर्फीच्या पोटाखालून मान काढून सावजी. माझ्या वहीत त्या आठवड्यात लिहिलंय: "तिघंही चमच्यावर आली." शोभायात्रेचे डीजे पोद्दारेश्वर मंदिराकडून आमच्यापर्यंत पोचत नाहीत, पण गल्लीतला भोंगा पोचतो. त्या रात्री तिघंही कॅरिअरमध्ये, आणि सकाळी पुन्हा तर्री पहिला.

14 एप्रिलनंतर

पहिला ट्रायकॅट (मांजरांची तीन आजारांवरची लस) द्यायला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. तर्रीचं पोट बिघडलेलं होतं, म्हणून त्याची लस पुढे ढकलली आणि घरी आल्यावर त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं. आणि खरा प्रकार दिसला. त्याच पिंजऱ्यात, त्याच चमच्यापुढे, तेच चिकन असताना सावजी कॅरिअरच्या मागच्या भिंतीला चिकटून बसली. कान आडवे, बाहुल्या पूर्ण मोठ्या, आणि मी चमचा एक वीतभर पुढे केला की थुंकल्यासारखं "फट्‌!" बर्फी थोडी पुढे येऊन परत जायची. आत्तापर्यंत सावजी चमच्याकडे येत होती ती तर्रीच्या भरवशावर, माझ्या नाही.

हा माझा या बॅचचा मुख्य मुद्दा आहे. भावंडं एकत्र ठेवली की सगळ्यात धीट पिल्लू आपली प्रगती दाखवतं आणि सगळ्यात भित्रं पिल्लू त्याच्या सावलीत तसंच राहतं. बरेच जण म्हणतात की वेगळं करणं क्रूर आहे, एकमेकांच्या उबेने भीती जाते. भीती जाते हे खरं, पण माणसाची ओळख होत नाही. ऊब भावंडांकडून मिळत असेल तर माणसाकडे यायचं कशाला?

म्हणून सावजीला दिवसा बाथरूममध्ये हलवलं. छोटी जागा, तिचाच टॉवेल, आडवं खोकं. रात्री पुन्हा भावंडांत, कारण चावण्याचा जोर किती असावा आणि खेळ कुठे थांबवावा हे मांजरच मांजराला शिकवतं, माणसाला ते जमत नाही.

पहिल्यांदा ती रडली, मग गप्प झाली, मग चमच्याकडे बघायला लागली. बसताना मी तिच्याकडे तोंड करत नाही. मध्येच बघायचं, डोळे सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे, नजर वळवायची. ससेक्स विद्यापीठाच्या 2020च्या अभ्यासात मांजरांनी या मिटण्याला मिटून उत्तर दिलं, आणि असं करणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाताकडे ती जास्त आली. सावजीने उत्तर द्यायला बराच वेळ घेतला. दिलं तेव्हा ती अर्धी झोपेत होती, तरी मी मोजलं.

स्पर्शाचा क्रम माझ्याकडे ठरलेला आहे. ती चाटत असताना दुसऱ्या हाताचं एक बोट गालाला. चाटणं थांबलं तर बोट मागे, काही न बोलता. गालानंतर कानामागे, मग खांदा. वरून हात कधीच नाही, वरून फक्त घार येते. शेपटीकडचा भाग आणि पोट शेवटी. तिने चाटत राहणं हा माझा एकमेव मापदंड. उचलता येतं का, हे मी वहीत लिहीतच नाही. घाबरून गोठलेलं पिल्लूही उचलता येतं, आणि फोटोत ते शांत दिसतं. घुरघुर ऐकू आली म्हणूनही हुरळून जाऊ नका, दुखत असलं किंवा धास्तावलं तरी मांजर घुरघुरतं.

या काळात तिने एकदा बोट फोडलं. नव्या फॉस्टरसाठी सांगतो: वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, मग दवाखाना. "पिल्लूच तर आहे" हे वाक्य रेबीजपुढे चालत नाही. मी आधीच प्रतिबंधक डोस घेऊन ठेवले आहेत, त्यामुळे चावल्यावर दोनच लागतात, एक त्याच दिवशी आणि दुसरा तीन दिवसांनी. नियमित रानटी पिल्लं हाताळणार असाल तर तुम्हीही घ्या.

मेचा पूर्वार्ध

कूलर सुरू करावाच लागला. कूलरमध्ये जन्मलेली मंडळी कूलरच्या आवाजाला घाबरली, याला काय म्हणायचं? आधी नुसता पंप, मग बाजूच्या खोलीतून पंखा, मग दार किलकिलं, आणि प्रत्येक वेळी चिकन. हवेचा झोत पिंजऱ्यावर सरळ नको.

सावजी आता मांडीवरच्या टॉवेलवर येऊन खाते. मांडीवर म्हणजे मागचे दोन पाय अजून जमिनीवर. बर्फीलाही काही दुपारी वेगळं काढलं, तिचं फार लवकर जमलं. तर्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, तो आता पोथीवर झोपतो आणि आई पान उलटायला त्याला विचारते.

खेळायला काठीला बांधलेलं पीस. खेळ झाला की कपाटात, कारण दोरा गिळला तर आतडं गोळा होतं. हाताशी खेळू देत नाही. आज गोंडस वाटणारा पंजा डिसेंबरमध्ये दत्तक घेणाऱ्याच्या मनगटावर असतो.

मग पाहुणे. 1967च्या एका प्रयोगात पाच माणसांनी हाताळलेली पिल्लं परक्याला एकाच माणसाच्या पिल्लांपेक्षा कमी घाबरली होती. म्हणून मित्र, त्यांची मुलं, जाड आवाजाचे शेजारचे काका असे एकेक जण. काका दारातूनच: "काऊन बे, मांजराची शाळा उघडून राहिला का?" सावजी आवाजासरशी खोक्यात. काकांना खाली बसवलं, चमचा दिला, बोलणं बंद ठेवायला सांगितलं. ते काकांना अवघड गेलं, पण चमचा रिकामा झाला.

नवतपा

मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, बाहेर पंचेचाळीस अंश. दिवसभर सगळे फरशीवर पसरलेले, म्हणून सत्रं पहाटे आणि रात्री. दुसरा ट्रायकॅट आणि रेबीजची लस झाली. सावजी माझ्याकडे स्वतःहून येते, आईकडे येते, काकांकडे चमचा असेल तर येते. अनोळखी माणूस उभा असेल तर अजूनही खोकं. चार महिने पूर्ण झाले की तिघांची नसबंदी. चौथ्या महिन्यातच मांजर गाभण राहू शकते, त्यामुळे "पहिली वीण होऊ द्या" म्हणणाऱ्यांना मी पिल्लू देत नाही.

चौकशा तर्रीसाठीच जास्त येतात. काळीला कोणी विचारत नाही, विचारलं तर "अपशकुन नाही ना?" असं. एका कुटुंबाने तर्री आणि सावजी अशी जोडी मागितली, आम्हीच नाही म्हटलं. तर्री असला की ती पुन्हा त्याच्या मागे जाईल आणि त्या घरातली माणसं तिला दिसणारच नाहीत. सावजीसोबत बर्फी जाईल. बर्फी तिच्याइतकीच सावध आहे, पण ती पुढे जाते ती माणसाकडे बघून.

तर्रीला बेसा रोडचं घर ठरलंय, तिथे आधीच एक मांजर आहे. शेवटचा ट्रायकॅट आणि नसबंदी झाली की जाईल. सावजी-बर्फीसाठी घर शोधतोय. अटी तीनच: खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी, पहिले काही आठवडे एकाच खोलीत ठेवायची तयारी, आणि न्यायच्या आधी आमच्याकडे येऊन, खाली बसून, निदान चार-पाच वेळा तरी चमचा धरायचा.