एच६१ बोर्ड आणि विंडोज ११

शनिवार, रात्री. परभणी.

बाकावरचं यंत्र आपल्याकडं बऱ्याच घरी सापडतं तसलंच. इंटेलच्या एच६१ चिपसेटचा (प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणारी चिप) मदरबोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय५-३४७० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम, जुनं जीटी २१० ग्राफिक कार्ड. सेकंडहँड भाग जमवून घरीच जोडलेलं. त्यात नवी २४० जीबी एसएसडी टाकलेली आणि मागणी विंडोज ११ ची. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, त्यामुळं ही मागणी येणारच.

'या पीसीवर विंडोज ११ चालणार नाही' अशी पाटी आली की माणसं हात टेकतात. खरं तर ती अडचण सगळ्यात किरकोळ. टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त सही केलेली प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) यांसारख्या विंडोज ११ च्या अटी हे यंत्र पुऱ्या करत नाही, एवढाच तिचा अर्थ. रुफस या मोफत प्रोग्रॅमनं विंडोजचा पेनड्राइव्ह बनवताना टीपीएम आणि सिक्युअर बूटची अट काढायची खूण करता येते. ती राहिली असेल तर पाटी आल्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबायचं, काळ्या खिडकीत रेजएडिट (विंडोजच्या अंतर्गत नोंदी बदलणारा प्रोग्रॅम) चालवायचं, लोकल मशीनमधल्या सिस्टीम-सेटअपखाली 'लॅबकॉन्फिग' नावाची की, म्हणजे नोंदींचा कप्पा, तयार करायची. तिच्यात बायपासटीपीएमचेक आणि बायपाससिक्युअरबूटचेक अशा दोन ३२ बिटांच्या डीवर्ड नोंदी, दोन्हींची किंमत १. एक पायरी मागं जाऊन पुन्हा पुढं. झालं.

खरी डोकेदुखी बूट मोडची, म्हणजे यंत्र कुठल्या पद्धतीनं सुरू होतं त्याची. बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्रॅम) लेगसी या जुन्या पद्धतीवर असेल तर डिस्कची आखणी एमबीआर लागते, यूईएफआय या नव्या पद्धतीवर असेल तर जीपीटी. दोन्ही जुळले नाहीत की 'या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही' हा निरोप येतो आणि बिचाऱ्या एसएसडीवर संशय जातो. त्याच काळ्या खिडकीत डिस्कपार्ट हा डिस्क आखायचा प्रोग्रॅम चालवून ओळीनं आज्ञा द्यायच्या : लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी. क्लीन म्हणजे सगळा डेटा साफ, म्हणून सिलेक्ट करण्याआधी डिस्कचा आकार वाचायचा. दुसरी हार्डडिस्क असेल तर तिची केबल काढूनच बसावं, हे उत्तम.

आता यूईएफआय लावायला बायोसमधलं सीएसएम (जुनी लेगसी पद्धत चालू ठेवणारी सोय) बंद केलं की पडदा काळा. बोर्ड गेला असं वाटतं, पण दोष जीटी २१० चा. २००९ सालच्या त्या कार्डाच्या रॉममध्ये यूईएफआयमध्ये चित्र दाखवायला लागणारा जीओपी हा ड्रायव्हर नाही, त्यामुळं सीएसएमशिवाय ते चित्रच देत नाही. कार्ड काढायचं आणि मॉनिटर बोर्डाच्या पोर्टला लावायचा. तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरमधल्याच इंटेल ग्राफिक्सला जीओपी आहे. दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर असेल तर मात्र यूईएफआयचा हट्ट सोडून लेगसी आणि एमबीआरच धरावं. साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) जुना आयडीई नसून एएचसीआय आहे का, हेही आताच बघायचं. विंडोज टाकून झाल्यावर आयडीईवरून एएचसीआयवर गेलं तर निळा पडदा ठरलेला.

फाइली उतरताना अडलं तर टक्केवारीकडं लक्ष द्यावं. दर वेळी त्याच टक्क्यावर अडत असेल तर आयएसओ (विंडोजची उतरवलेली फाइल) किंवा पेनड्राइव्ह खराब. विंडोजमधल्या सर्टयुटिल आज्ञेनं आयएसओचा एसएचए२५६, म्हणजे फाइलीची ओळख पटवणारा आकडा, काढून मूळ आकड्याशी ताडून बघावं. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडत असेल तर बहुतेक वेळा रॅम. आपल्या काळ्या मातीची धूळ स्लॉटात बसते. ब्रशनं झाडायचं, पट्टीचे सोनेरी दात खोडरबरनं पुसायचे आणि एकेक पट्टी लावून रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ प्रोग्रॅमचा पूर्ण फेरा होऊ द्यायचा. वेळ लागतो, लागू द्यावा.

मधेच यंत्र आपोआप बंद पडलं तर बायोसमधलं तापमान बघावं. काही काम नसताना ६५ अंशांच्या वर असेल तर प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळली. मे महिन्यात बाहेरच ४२-४३ असतं, पंख्याकडून काय अपेक्षा करणार? इन्स्टॉल चालू असताना लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून करायचं, एवढंच नुकसान. बायोस अपडेट चालू असताना गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो. यूपीएसशिवाय त्या वाटेला जाऊच नये. प्रत्येक वेळी तारीख मागं जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदलायचा, नाहीतर बूट मोडही जुन्यावर जातो.

कोअर टू ड्युओ या आणखी जुन्या इंटेल प्रोसेसरवर मात्र यातली कुठलीच युक्ती चालत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना लागतात, आणि कोअर टू ड्युओत एसएसई ४.१ पर्यंतच आहे. तिथं विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली. ब्राउझर, लेखन, इनस्क्रिप्ट मराठी सगळं चालतं. अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन किंवा जुन्या फाँटातलं डीटीपी असेल तर आधी त्याचा ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम लिनक्ससाठी मिळतो का ते विचारून घ्यावं.

गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवायचं : अशा यंत्राला वर्षाचं मोठं अपडेट सहसा आपोआप येत नाही. नवी आयएसओ उतरवून अटी काढलेला पेनड्राइव्ह पुन्हा करायचा, चालू विंडोजमधूनच त्यातलं सेटअप चालवायचं, आणि त्याआधी डेटा दुसऱ्या डिस्कवर.