पावसाळी हवा आणि रेशीम

श्रावणातला सोमवार. सकाळपासून भुरभुर चालूच आहे. गंगापूर रोडवर कुणाचेच कपडे वाळत नसतील, पण रेशमावर रंग घालायला याहून चांगली हवा नाही. मे महिन्यात नाशिकचा कोरडा वारा रंगाची कड लगेच सुकवतो. शेजारी दुसरा हात दिला की मधे गडद रेघ उमटते, आणि ती काही केल्या जात नाही.

पातळ हबोताईचा, म्हणजे साध्या विणीच्या मऊ रेशमाचा स्टोल फ्रेमवर ताणला. झोळ राहिला तर रंग तिथेच साचतो. मग गुट्ट्याच्या, म्हणजे रंग अडवणाऱ्या चिकट द्रवाच्या रेघा, सगळ्यात किचकट काम. सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी निळा थेट पिवळ्यात घुसतो. म्हणून फ्रेम उलटी करून उजेडासमोर धरते, गुट्टा मागपर्यंत उतरलाय ना ते बघते.

रंग भरताना ब्रश रेघेला लावायचाच नाही. थोडं अलीकडे थेंब सोडायचा, तो आपणहून रेघेपर्यंत धावत जातो आणि थांबतो. हे बघायला मला अजून कंटाळा येत नाही. पार्श्वभूमी ओली असतानाच खडेमीठ टाकलं. प्रत्येक खडा भोवतालचं रंगीत पाणी ओढून घेतो, मागे फिकट फुलं उरतात. खडे कुठे टाकायचे ते आपल्या हातात, फूल कसं उमलेल ते नाही.

जाऊबाई डोकावल्या. "अगं, फॅब्रिक पेंट मिळतो की, कशाला एवढा खटाटोप?" मिळतो, पण तो कापडाच्या वर बसतो आणि वाळला की पापडासारखा कडक होतो. माझा डाय धाग्यात शिरतो. रेशीम लोकरीसारखं प्रथिनाचं, म्हणून आम्लरंग, म्हणजे आम्लाच्या मदतीने बसणारे हे डाय, त्याला धरतात. सुताला धरत नाहीत. स्टोल हातात घेतल्यावर रंग आहे हे बोटांना कळताही कामा नये. पेंटच्या कामाला सिल्क पेंटिंग म्हणून विकतात, त्याचा मला राग येतो.

येवल्याच्या मागावर मोर-पोपट धागा मोजून बसतात, रंग आधीच कांडीवर असतो. तिथे रंग विणकराचं ऐकतो. इथे अर्धं माझं, अर्धं हवेचं.

आता वाळू दे. मुलगा पंखा लावायला निघाला होता, त्याला अडवलं. रंग पक्का करायला वाफ उद्या. कोऱ्या कागदात गुंडाळून, वर जाड टॉवेल घालून. झाकणावरचा थेंब आत पडला तर डाग कायमचा. पातेलं माळ्यावरून काढून ठेवलंय. त्यावर 'रंगाचं, स्वयंपाकाला नाही' अशी चिठ्ठी सासूबाईंनीच चिकटवली आहे.