आमची वाटचाल : भाड्याने देण्याच्या घराचं कर्ज आणि अर्जाआधीचा कागद

पुण्यातल्या आमच्या छोट्या फर्मचं काम गृहकर्जाच्या फायलींपासून सुरू झालं. पगाराच्या स्लिपा, रिटर्न्स, बँकेचे उतारे, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) आणि सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासल्याचा अहवाल) जमवायचे, फाइल बँकेत लावायची आणि मंजुरीपत्र हातात आलं की फाइल बंद. आज आमचं निम्मं काम अर्जाच्या आधीचं आहे. भाड्याने देण्यासाठीच घर घेणाऱ्या माणसाला सुरुवातीला रोख किती लागेल आणि पुढे दरमहा पदरचे किती घालावे लागतील, हे आम्ही एका कागदावर मांडून देतो. तो कागद भरल्याशिवाय आम्ही अर्जाला हात लावत नाही.

हा बदल घडला तो सुरुवातीच्या रोख रकमेमुळे. ‘बँक ८० टक्के देते, २० टक्के माझे’ एवढ्याच हिशेबावर लोक टोकन देऊन मोकळे होतात. प्रत्यक्षात रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यावरच्या कर्जाला ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. ही किंमत धरताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्यात मोजायची नाही. १० लाखांपर्यंतच्या घराला तेवढी सूट आहे, पण त्या किमतीत पुण्यात घर मिळणं अवघडच. म्हणजे सरकारी खर्च सगळा रोखीने, स्वतःच्या खात्यातून.

आकड्यांत पाहू. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीतला, पुणे महापालिका हद्दीतला पुनर्विक्रीचा टू बीएचके, करारनाम्याची किंमत ६० लाख, कर्ज ४८ लाख. स्वतःचा वाटा १२ लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४,२०,०००. खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का कमी, पण पतीचं नाव सोबत आलं की ती सवलत गेली. नोंदणी फी ३०,०००, कारण १ टक्का असली तरी तिथेच कमाल मर्यादा आहे. बँकेची प्रोसेसिंग फी अर्धा टक्का धरली तर १८ टक्के जीएसटीसह २८,३२०. बँकेचा वकील आणि मूल्यांकन यांचे साधारण १०,०००. गहाणाच्या नोटीस ऑफ इंटिमेशनचे (घर बँकेकडे गहाण असल्याची नोंदणी कार्यालयाला द्यायची सूचना) मुद्रांकासह १५-१६ हजार. आपल्या स्वतःच्या वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, १५,०००. दलाली १ टक्का धरली तर ६०,०००. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क जास्तीत जास्त २५,०००. बेरीज १८ लाखांच्या थोडी वर जाते, म्हणजे २० नव्हे, ३० टक्के. आणि घर अजून भाड्याने द्यायच्या अवस्थेत आलेलं नाही. गिझर, पंखे, किचन ट्रॉली, दोन कपाटं, खिडक्यांच्या जाळ्या, रंग यांना आम्ही अडीच लाख वेगळे लिहितो.

बांधकाम चालू असलेलं घर घेतलं तर यात जीएसटी वाढतो. १ एप्रिल २०१९ पासून तो ५ टक्के आहे; ४५ लाखांपर्यंतच्या आणि चटईक्षेत्राच्या मर्यादेत बसणाऱ्या घराला १ टक्का. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य, आणि बँकेने सोडलेल्या रकमेवर व्याज मात्र चालू. बँक आधी तुमचा पूर्ण वाटा भरायला लावते, मगच स्लॅबप्रमाणे, म्हणजे बांधकाम वाढेल तसे, पैसे सोडते. भाड्यासाठी घर घेणाऱ्याने तयार घरच बघावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात जास्त अडचण होते ती मूल्यांकनात. बँक करारनाम्याची किंमत आणि तिच्या मूल्यांककाने काढलेली किंमत यांतली कमी असेल ती धरते. ६० लाखांच्या घराचं मूल्यांकन ५६ लाख आलं की कर्ज ४४ लाख ८० हजार होतं आणि ३ लाख २० हजारांचा खड्डा आठवडाभरात भरायला लागतो. मुद्रांक शुल्काचं गणित नेमकं उलट चालतं. तिथे करारनामा आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेले जागेचे दर) यांतली जास्त असेल ती किंमत धरतात. कमी किमतीत सौदा पटला म्हणून शुल्क कमी होईल, असं समजून कोणी चालू नये. खड्डा भरायला लोक वैयक्तिक कर्ज उचलतात. त्याचा हप्ता लगेच क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतो, उत्पन्नातून हप्त्यांना जाणारा हिस्सा वाढतो आणि बँक अंतिम मंजुरीत गृहकर्जाची रक्कमच खाली आणते. म्हणून टोकन देण्याआधी त्याच बँकेचं त्या इमारतीतलं अलीकडचं मूल्यांकन किती आलं, याची चौकशी आम्ही करतो. टोकनच्या पावतीवर ‘कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत’ हे वाक्य लिहून घेतो. विक्रेता कुरकुरतो, पण बहुतेक वेळा लिहून देतो.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून सरकारजमा करायचा. इथे ६०,०००. हा वाढीव खर्च नव्हे, पण जबाबदारी खरेदीदाराची. बँकेच्या चेकमधून येणाऱ्या रकमेवरचा टीडीएसही यातच येतो, त्यामुळे तो स्वतःच्या वाट्यातून बाजूला ठेवावा लागतो. टीडीएसचं चलन भरायचं राहिलं तर व्याज आणि विलंब शुल्क खरेदीदारावर पडतं.

आता हप्ता. ४८ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं : दरमहा सुमारे ४१,६५०. पहिल्या महिन्यात त्यातले ३४,००० नुसतं व्याज. भाडं २०,००० धरू. वर्षातला एक महिना घर रिकामं जातं असं धरून २,२०,०००. त्यातून मेंटेनन्स ३६,०००, बिनभोगवटा शुल्क २,५०० (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं; सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त सोसायटीला घेता येत नाही), मिळकतकर १२,०००, दुरुस्ती १०,०००, नव्या भाडेकरूसाठी दलाली २०,०००. हातात उरतात १,३९,५००, म्हणजे महिन्याला ११,६००. हप्त्यातून हे वजा केले की उरलेले ३०,००० दरमहा पगारातून. मिळकतकराबाबत एक गोष्ट हमखास विसरली जाते : पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला जी ४० टक्के सवलत देते, ती घर भाड्याने दिल्यावर मिळत नाही.

आमच्या कागदावर या हिशेबानंतर एक चौकट आहे. हातात उरणारं भाडं किती कर्जाचा हप्ता एकट्याने पेलेल? ११,६०० रुपयांत याच दराने, याच मुदतीत साधारण १३ लाख ४० हजारांचं कर्ज पेलतं. बँक ४८ लाख देते ती तुमच्या पगाराकडे बघून, घराच्या भाड्याकडे बघून नव्हे. हे दोन आकडे शेजारी शेजारी बघितल्यावर काही जण घर घेण्याचा विचार पुढे ढकलतात, काही जण जुना प्लॉट विकून कर्ज निम्म्यावर आणतात. आमची फी त्यात बुडते, पण तो कागद आम्ही बदललेला नाही.

मुदत ३० वर्षं केली तर हप्ता ३६,९०० वर येतो. महिन्याला पावणेपाच हजार वाचतात, आणि एकूण व्याज सुमारे ५२ लाखांवरून ८५ लाखांवर जातं. तरीही भाड्याच्या घराला आम्ही कधीकधी लांब मुदत सुचवतो. तरत्या, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या, दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड नाही. लांब मुदत घेऊन बोनसचे पैसे मुद्दलात भरता येतात, पण आखूड मुदतीचा जड हप्ता घर रिकामं पडल्यावर हलका करून मिळत नाही. ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं (कर्जखात्यात जादा पैसे ठेवता आणि काढता येणारं) गृहकर्ज मिळत असेल तर सहा हप्त्यांची गंगाजळी त्याच खात्यात ठेवावी. व्याज तेवढ्या रकमेवर थांबतं आणि पैसेही हाताशी राहतात. भाडेकरूची अनामत तिथेच ठेवावी. ती परत द्यायची असते, उत्पन्नात धरू नये.

दराची अट मंजुरीपत्रातल्या तीन ओळींत असते आणि त्या वाचायलाच हव्यात : दर कशाला जोडलेला आहे, वरचा स्प्रेड (बँकेने त्यावर चढवलेले टक्के) किती, फेरआढावा किती महिन्यांनी. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरती गृहकर्जं बाहेरच्या मानकाला, बहुतेक ठिकाणी रेपो दराला (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो), जोडलेली आहेत आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर बदलतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही. त्या आपला स्वतःचा मूळ दर ठेवतात, आणि तो उतरताना सावकाश उतरतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. ७ टक्क्यांनी घेतलेल्या ४८ लाखांच्या कर्जाचा हप्ता ३७,२०० होता. दर साडेनऊ झाल्यावर त्या हप्त्यात व्याजसुद्धा भागेना. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवायची सोयच उरली नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जदाराला हप्ता वाढवायचा की मुदत, हे विचारण्याचं बंधन घातलं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक हिशेब दोन टक्के जास्त दराने पुन्हा करून दाखवतो.

मंजुरीच्या वेळी एकरकमी हप्त्याचा विमा कर्जात घालून देतात. तो सक्तीचा नाही. विमा जरूर असावा, पण साधी मुदत विमा पॉलिसी वेगळी घ्यावी, म्हणजे विम्याच्या हप्त्यावर २० वर्षं व्याज भरावं लागत नाही.

कराचा फायदा २०१७ नंतर बराच आटला. जुन्या करप्रणालीत भाड्याच्या घराचा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंतच पगारातून वजा होतो, उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो. नव्या करप्रणालीत हा तोटा पगारातून अजिबात वजा होत नाही. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षीचं व्याज चार लाखांच्या पुढे आहे, ते सगळं वाचेल असं सांगणाऱ्यावर विसंबू नये. परदेशात राहणाऱ्या मालकांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो : त्यांच्या भाड्यातून टीडीएस कापायची जबाबदारी भाडेकरूवर येते, आणि त्या कटकटीमुळे चांगला भाडेकरू मागे हटतो. तो प्रश्न करारापूर्वीच बोलून घ्यावा.

कर्ज फिटल्यावरही आमची फाइल आता बंद होत नाही. मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायला हवीत. १ डिसेंबर २०२३ पासून बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यावे लागतात. कागदपत्रं मोजून, यादीशी ताडून घ्यायची. मग नोंदलेल्या गहाणाचा बोजा उतरवायचा, सोसायटीच्या दफ्तरातली बँकेची नोंद काढून घ्यायची आणि नवा इंडेक्स सर्च करून तो कोरा, म्हणजे बोजाविना, आला आहे ना, ते बघायचं.